घरपट्टीचा पहिला बोजा



अध्यक्षीय भाषणात वस्तू व सेवा कराचा समाचार घ्यायची आपल्याकडे प्रथा आहे. ते काम पुढची सत्रं करतील. मी घरपट्टीबद्दल बोलणार आहे. फी कमी आणि वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या जास्त, म्हणून आपल्यातले बहुतेक वकील आणि कर सल्लागार हा विषय टाळतात. मात्र अशिलाचं राहतं घर लिलावात काढण्याची ताकद ज्या थोड्या करांमध्ये आहे, त्यांत हा एक आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 141 आणि मुंबईपुरतं 1888 च्या कायद्याचं कलम 212 सांगतं, की जमीन महसूल वगळता घरपट्टी हा मिळकतीवरचा पहिला बोजा. म्हणजे 2020 पर्यंत गृहकर्ज देणारी बँकही रांगेत महापालिकेच्या मागे असायची. या बोज्यात गैर काही नाही. पाणी, गटार, रस्ते याच पैशांवर चालतात. अडचण आहे ती हा बोजा दिसत नाही याची. बँकेचं नाव सात-बाराच्या इतर हक्कांत किंवा मिळकत पत्रिकेवर चढतं. घरपट्टीची थकबाकी मात्र महापालिकेच्या खात्यात बसून असते आणि घर घेणाऱ्याला ती नाव लावायला गेल्यावर भेटते.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा 1971 चा निकाल आहे: अहमदाबाद महापालिका विरुद्ध हाजी अब्दुल गफूर. तेव्हा अहमदाबादलाही आपलाच हा अधिनियम, 1949 चा मुंबई प्रांतिक कायदा या जुन्या नावाने, लागू होता. लिलावात मिळकत घेणाऱ्याला जुन्या थकबाकीची कल्पना नव्हती. न्यायालय म्हणालं, कलम 141 बोजा निर्माण करतं. पण अजाण खरेदीदाराकडूनही तो वसूल करता येईल, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं नाही. मग मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 100 त्या खरेदीदाराचं रक्षण करतं. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी हस्तांतरणाच्या खिडकीवर 'आधी मागची बाकी भरा' हेच ऐकू येतं. खरेदीदारही भरून मोकळा होतो, कारण हक्कासाठी भांडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

थकबाकीपोटी मालकाचं किती घेता येतं, हे पाहायला आता अमेरिकेकडे वळतो. मिनेसोटाच्या हेनेपिन काउंटीत जेराल्डिन टायलर या वृद्ध बाईंचा एक फ्लॅट होता. त्यावर सुमारे 2,300 डॉलर कर थकला; व्याज आणि दंड धरून आकडा 15,000 च्या घरात गेला. काउंटीने फ्लॅट 40,000 डॉलरना विकला आणि उरलेले 25,000 सुद्धा स्वतःकडे ठेवले. मे 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की थकबाकीपेक्षा जास्त रक्कम ठेवून घेणं म्हणजे भरपाई न देता मालमत्ता हिरावणं.

त्याचे पडसाद न्यू जर्सीत उमटले, जिथे एडिसन-जर्सी सिटी भागात आपलीही बरीच मराठी घरं आहेत. तिथे नगरपालिका थकबाकीचा हक्क लिलावात विकते. बोली व्याजाच्या दराची, 18 टक्क्यांपासून खाली येणारी. गुंतवणूकदार नगरपालिकेची बाकी चुकती करतो आणि मालकाने दोन वर्षांत सोडवणूक केली नाही, तर कोर्टात जातो. पूर्वी अशा दाव्यात अख्खं घर त्याच्या पदरात पडे. 2024 च्या दुरुस्तीनंतर मालकाला घराच्या विक्रीची मागणी करता येते आणि देणं फिटून उरेल ती रक्कम त्याची.

खासगी माणसाला थकबाकी विकण्याची ती पद्धत आपल्याकडे आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तिथली दुसरी एक गोष्ट मला हवी आहे. करआकारणीचे वाद ऐकायला न्यू जर्सीत 1979 पासून स्वतंत्र कर न्यायालय आहे, आणि घरमालकांच्या छोट्या दाव्यांसाठी त्याचा वेगळा विभागही. आपल्याकडे मुंबईत हे अपील लघुवाद न्यायालयात, भाडेकरू-मालकांच्या दाव्यांच्या गर्दीत उभं राहतं. शिवाय महानगरपालिका अधिनियमाखाली मागणीची रक्कम आधी भरायची, मग दाद मागायची. कर भरण्याची अट न्यू जर्सीतही आहे. पण न्यायासाठी ती शिथिल करण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे.

मोठे मालक उच्च न्यायालयात जाऊ शकतात. मुंबईत भांडवली मूल्यावर घरपट्टी आकारण्याच्या 2010 च्या नियमांचं प्रकरण आठवा. जे चटईक्षेत्र अजून बांधलेलंच नाही, त्याचाही विचार करून कर लावणारे नियम अखेर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात रद्द ठरले. इतकी वर्षं लढण्याची ऐपत मालक संघटनेची होती, दोन खोल्यांच्या मालकाची नसते. त्याच्या थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत राहते. पुढे कधीतरी अभय योजना येते, शास्ती माफ होते, आणि वेळेवर भरणारा शेजारी खुळा ठरतो.

दुपारच्या सत्रात तीन मागण्यांचा ठराव मी मांडणार आहे. थकबाकीची नोंद मिळकत पत्रिकेवर यावी. अपिलासाठी वादात नसलेलीच रक्कम भरायला लावावी. आणि प्रत्येक महसुली विभागात घरपट्टीसाठी स्वतंत्र न्यायपीठ असावं. पहिल्या मागणीला बँका पाठिंबा देतील, तिसरीला वित्त विभाग खर्चाचं कारण सांगेल. दुसरीला महापालिका कडाडून विरोध करतील, तेव्हा तिचा मसुदा जेवणाआधी नीट वाचून या.