कोरडी त्वचा आणि सीरमची कुपी

रत्नागिरीकडचे एखादे कुटुंब सरकारी बदलीच्या निमित्ताने दिल्लीस येऊन स्थिरावते. सामानसुमान लागते, मुलांची नावे शाळेत दाखल होतात, भाजीवाल्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत संवाद सुरू होतो. आणि मग डिसेंबर उजाडतो. जन्मभर दमट हवेत वाढलेल्या या माणसांच्या गालांवर पांढुरके पापुद्रे दिसू लागतात, हसताना ओठ फुटतात, तोंड धुतले की चेहऱ्याची कातडी कोणीतरी मागून ओढून धरल्यासारखी वाटते. घरातील आजी गावाहून आणलेला कोकमाच्या तेलाचा गोळा बाहेर काढते. नुकतीच नोकरीस लागलेली नात मात्र आरशापुढे तीस मिलिलिटरची एक काचेची कुपी आणून ठेवते. तिला ‘सीरम’ म्हणतात. आठवड्याच्या दुधाच्या बिलाइतकी तिची किंमत ऐकून आजी कपाळाला हात लावते. तीन आठवड्यांनी असे दिसून येते की, कुपी निम्मी संपली, पण चेहरा होता तसाच आहे. किंबहुना रात्री हीटरपुढे बसले असता तो अधिकच ताणल्यासारखा वाटतो. कुपी कपाटात जाते आणि वादात आजीची सरशी होते.

हा निकाल घाईचा झाला, असे म्हणावयास हवे. नातीने घेतलेली वस्तू वाईट होती असे नाही. ती कशासाठी आहे आणि तिने कोणते काम होणार नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते. दुकानात मिळणारी माहिती बहुधा विक्रीपुरतीच असते.

प्रथम दिल्लीच्या हवेचाच विचार करावा. सकाळी दहा पावलांवरचे दिसू नये इतके धुके पडते; मग हवा कोरडी कशी? ही शंका रास्त आहे. थंड हवेची बाष्प धरून ठेवण्याची ताकदच कमी असते. पाच अंश तापमानाची हवा थोड्याशाच बाष्पाने काठोकाठ भरते आणि आपल्याला धुके दिसते. तीच हवा खोलीत येऊन बावीस अंशांपर्यंत तापली, की बाष्प तेवढेच राहते, पण हवेची तहान वाढते. बाहेर शंभर टक्के असलेली सापेक्ष आर्द्रता आत पस्तीस टक्क्यांच्याही खाली उतरते. ही तहानलेली हवा मिळेल तेथून पाणी ओढून घेते. वाळत घातलेल्या कपड्यांतून, उघड्या भांड्यातून, तसेच गालांतून. मुंबईतल्या वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्यांचीही गत फारशी निराळी नाही. यंत्राच्या नळीतून खिडकीबाहेर जे पाणी थेंबथेंब टपकत असते, ते त्या खोलीच्या हवेतूनच काढलेले असते. नागपूरकरांना तर मे महिन्याच्या दुपारी यंत्राचीही गरज पडत नाही.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला शृंगी थर असे म्हणतात. चेहऱ्यावर तो मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ असतो. चपट्या, निर्जीव पेशी विटांप्रमाणे एकावर एक रचलेल्या आणि त्यांच्या सांध्यांत स्निग्ध द्रव्यांचा चुना भरलेला, अशी त्याची साधारण रचना असते. सिरामाइडे, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले ही त्या चुन्यातील मुख्य द्रव्ये. विटांच्या पोटात पाणी धरून ठेवणारी नैसर्गिक द्रव्येही असतात. चुना खचला, की आतले पाणी हवेत निसटू लागते. विटा आखडतात, त्यांच्या कडा उचलल्या जातात, आणि पापुद्रे म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते हेच.

फार दिवस सर्वांचीच अशी समजूत होती की, कोरडेपणा म्हणजे तेलाची उणीव. १९५२ साली अमेरिकेतील अर्विन ब्लँक या संशोधकाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने कडक झालेल्या कातडीचे सुकलेले तुकडे तेलकट पदार्थांत बुडवून ठेवले. ते कडकच राहिले. पाणी मिळताच ते मऊ आणि लवचिक झाले. कातडीला मऊपणा देते ते पाणी. तेलाचे काम ते पाणी निसटू न देण्याचे. आजी आणि नात यांच्या वादाचा निवाडा या एका प्रयोगात जवळजवळ झालेला आहे. आजीच्या हाती झाकण होते, नातीच्या हाती पाणी होते, आणि दोघींनीही आपापल्या वस्तूला सर्वस्व मानले.

‘सीरम’ हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ दुधाची निवळी, म्हणजे दही किंवा छेना बांधताना सुटणारे पातळ पाणी. तेथून तो वैद्यकात जाऊन रक्तातील निवळ द्रवाला लागला आणि तेथून प्रसाधनांच्या बाजारात आला. वैद्यकाचा स्पर्श झालेले नाव वस्तूचा भाव वाढवते, ही गोष्ट व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्रत्यक्षात कोरड्या त्वचेसाठी असलेल्या बहुतेक सीरमांत मोठा भाग पाण्याचा असतो आणि त्यात पाणी धरून ठेवणारी काही द्रव्ये विरघळवलेली असतात. त्यांपैकी सर्वांत जुने व सर्वांत भरवशाचे द्रव्य म्हणजे ग्लिसरिन. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शेले याला ते १७७९ साली ऑलिव्हचे तेल शिशाच्या भस्माबरोबर तापवताना सापडले. पुढे साबण करताना ते सहजच हाती येऊ लागले आणि इतके स्वस्त झाले की, लोकांना त्याची किंमत वाटेनाशी झाली! औषधांच्या दुकानातील मागच्या फळीवर धूळ खात असलेली ग्लिसरिनची बाटली आणि काचेच्या पेटीत मांडलेली महागडी कुपी, या दोहोंत जितके अंतर दिसते तितके ते खरोखर नसते. मात्र निव्वळ ग्लिसरिन चिकट आणि दाट असते. ते चेहऱ्यास तसेच फासू नये, पाण्यात सौम्य करूनच वापरावे. सीरम करणाऱ्याचे कौशल्य पुष्कळ अंशी हा चिकटपणा घालवण्यात असते, आणि त्यासाठी कोणी दोन पैसे जास्त मोजले तर त्यात गैर काही नाही.

जाहिरातींत ग्लिसरिनचे नाव लहान अक्षरांत आणि हायल्युरोनिक आम्लाचे नाव मोठ्या अक्षरांत असते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली गाईगुरांच्या डोळ्यांतील काचेसारख्या पारदर्शक द्रवातून ते वेगळे केले. काच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. आज ते बहुधा जिवाणूंच्या साहाय्याने किण्वन करून तयार करतात. पाणी धरून ठेवण्याचा त्याचा गुण वादातीत आहे. परंतु त्याचे मोठे रेणू त्वचेतून आत शिरू शकत नाहीत. ते पृष्ठभागावर ओलसर पापुद्रा धरून बसतात. लहान तुकडे केलेले रेणू थोडे खोल जातात, इतकेच. तेव्हा सुरकुत्या आतून भरून निघतील, हे आश्वासन कुपीने देऊ नये आणि दिले तरी ग्राहकाने घेऊ नये. द्रव दाट दिसतो म्हणून तो पौष्टिक आहे, हेही खरे नाही. हे आम्ल अगदी थोडे घातले तरी पाण्याला तार येते.

मग निवड करताना पाहावे तरी काय? कुपीच्या दर्शनी बाजूकडे न पाहता पाठीमागची घटकद्रव्यांची यादी वाचावी. भारतात सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये एक टक्क्याहून अधिक असलेली द्रव्ये प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावयाची असतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेली त्यांच्यानंतर कशीही लिहिली तरी चालतात. ग्लिसरिन यादीत दुसरे-तिसरे असेल तर वस्तू कामाची आहे, असे समजण्यास हरकत नाही. फिनॉक्सीइथॅनॉल हे टिकाऊपणासाठी घालण्याचे द्रव्य साधारणतः एक टक्क्यापुढे नसते. म्हणून त्याच्यानंतर ज्यांची नावे येतात त्यांचे प्रमाण अल्प, असा अंदाज करता येतो. सोडियम हायल्युरोनेट हे नाव शेवटाकडे आढळले तर फसवणूक झाली असे मानू नये, कारण त्याची गरजच थोडी असते. पण गुलाबाचा अर्क, मोत्याची पूड, केशर असली डौलदार नावे शेवटच्या ओळीत दाटीवाटीने बसलेली दिसली, तर ती केवळ पाहुणी म्हणून आली आहेत हे ओळखावे. पँथेनॉल, युरिया, सिरामाइडे आणि नायसिनामाइड ही नावे कोरड्या त्वचेस मानवणारी आहेत. उलट, यादीच्या आरंभी मद्यार्क असेल, उग्र सुगंध असेल, किंवा त्वचेचा वरचा थर उतरवणारी ग्लायकोलिक व सॅलिसिलिक आम्ले असतील, तर ती कुपी फुटलेल्या गालांसाठी नव्हे. नव्या द्रवाचा थेंब चार-पाच दिवस कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावा आणि मगच चेहऱ्याकडे वळावे.

नातीचे चुकले ते निवडीत नव्हे, वापरात. ती गरम पाण्याने आणि साबणाने तोंड धुई. त्वचेचा स्वभाव किंचित आम्लधर्मी, साबणाचा अल्कधर्मी. सांध्यांतला चुना रोज सकाळी थोडाथोडा खरवडला जाई. मग टॉवेलने चेहरा खडखडीत कोरडा करून ती सीरम लावी आणि तसेच हीटरपुढे बसे. धरून ठेवण्यास पाणीच नाही आणि वर झाकणही नाही, अशा स्थितीत कुपीने करावे काय? लावलेल्या द्रवातले पाणी पाच-दहा मिनिटांत उडून जाई आणि मागे राहिलेला पातळ पापुद्रा कातडीला ताण देई. कोमट पाणी, सौम्य धुण्याचे द्रव्य, चेहरा ओलसर असतानाच सीरमचे दोन-तीन थेंब, आणि ते सुकून जाण्यापूर्वीच त्यावर मलमाचा वा तेलकट क्रीमचा हलका हात, असा क्रम ठेवला तर तीच कुपी निराळी वागते.

आजीचा कोकमाचा गोळा येथे उपयोगी पडतो. कोकमाच्या बियांचे हे तेल नेहमीच्या तापमानात घट्ट असते. बोटांच्या उबेने चोळले की मऊ होते आणि ओल्या त्वचेवर पातळ झाकण घालते. पायांच्या भेगांना ते शोभते, ओठांना शोभते आणि कोरड्या गालांनाही चालते. ज्यांच्या नाकाकपाळावर तेल सुटते वा पुटकुळ्या येतात, त्यांनी मात्र ते भाग वगळावेत. दिवाळीच्या अभ्यंगाशी याची गल्लत करू नये; तेथे तेल स्नानाच्या आधी लागते आणि त्यातील बरेचसे उटण्याबरोबर निघून जाते. थंडीतला कोरडेपणा त्या एका पहाटेच्या तेलाने भागत नाही. झाकण स्नानानंतर घालावयाचे असते.

दमट किनाऱ्यावर राहणाऱ्यास हा दुहेरी खटाटोप बहुधा लागत नाही. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या थंडीत तो करावा, आणि दिवसभर वातानुकूलित जागी काम करणाऱ्यांनी दुपारी एकदा हात आणि ओठ तरी आठवावेत.

एक गोष्ट मात्र कुपीच्या आटोक्याबाहेरची आहे आणि तिच्याविषयी हयगय करू नये. औषधांच्या १९४० च्या कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांचा समावेश झाला. त्यातील व्याख्येप्रमाणे प्रसाधन म्हणजे स्वच्छता, शोभा वा रूपात बदल यांसाठी वापरण्याची वस्तू. रोग बरा करणे हे तिचे काम नव्हे. कोरडेपणाबरोबर रात्रीची झोप मोडणारी खाज असेल, लाल चट्टे उठत असतील, कातडीला भेगा पडून पाणी येत असेल, तर तो इसब असू शकतो. घरातील वयस्कर माणसाची त्वचा अंगभर अकस्मात रुक्ष झाली, थकवा वाढला, थंडी सोसेनाशी झाली, तर अवटु ग्रंथीची मंदता, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काही असण्याचा संभव असतो. अशा वेळी आरशापुढच्या कुपीवर महिना दोन महिने घालवणे महागात पडते. नातीच्या घरी हे जवळजवळ घडलेच होते. तिची कुपी कपाटातून बाहेर आली, आजीनेही कौतुकाने दोन थेंब हातांना लावून पाहिले. पण आजीच्या पोटऱ्यांची खाज महिनाभर थांबेना, रात्री पाणी पिण्यास तिला चार वेळा उठावे लागे आणि तितक्याच वेळा न्हाणीघराकडे जावे लागे. जानेवारीच्या एका सकाळी नातीने रजा टाकली, आजीला शाल गुंडाळली आणि दोघी रक्त तपासण्यासाठी दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.