कॅमेऱ्याची तिपाई : हलकी पण भक्कम

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या गावी मारुतीच्या देवळाजवळ किंवा वेशीपाशी एखादा वीरगळ उभा असतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. उन्हापावसाने हा दगड झिजत असतो. कोणी भक्तिभावाने त्याला शेंदूर फासतो, कोणी ऑइलपेंट लावतो, आणि बारीक कोरीवकाम बुजून जाते. अशा दगडांची नीट छायाचित्रे काढून ठेवणे हे शिक्षकांना आणि हौशी तरुणांना करता येण्यासारखे काम आहे. त्यासाठी १२० नंबरच्या फिल्मवर चालणारा मीडियम फॉरमॅट कॅमेरा फार उपयोगी पडतो. पण तो कॅमेरा कशावर उभा करायचा, हा विचार बहुधा सगळ्यात शेवटी होतो. आज बोलायचे आहे ते त्या तिपाईविषयी.

कोणी विचारील, हातात धरून फोटो निघत नाही काय? निघतो, पण लख्ख उन्हात. या कॅमेऱ्यातील चौरस निगेटिव्ह साधारण ५६ मिलिमीटर लांबरुंद असते. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा तिचे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक. म्हणून अक्षराची कड न् कड तिच्यात उतरते. मात्र तिचे नेहमीचे भिंग ८० मिलिमीटरचे असल्यामुळे पुढचे-मागचे सारे एकदम स्पष्ट येत नाही. त्यासाठी छिद्र १६ पर्यंत लहान करावे लागते. मग १०० वेगाच्या फिल्मवर झाडाच्या सावलीत १/१५ सेकंद, आणि देवळाच्या मंडपात एक ते चार सेकंद झडप उघडी ठेवावी लागते. इतका वेळ माणसाचा हात स्थिर राहत नाही. एका रोलवर चौरस चित्रे मिळतात बाराच, आणि चित्र हलले आहे हे कळते रोल धुऊन आल्यावर. तोपर्यंत त्या दगडावर रंग चढला, तर ती ओळ कायमची गेलीच म्हणायची.

बरे, पाय तीनच का? खळ्यावर उफणणी करताना माणूस ज्या उंच तिवईवर उभा राहतो, ती आठवून पाहा. वारा सुटलेला, हातात धान्याची पाटी, खाली जमीन ओबडधोबड. तरी तिवई डुगडुगत नाही. चार पायांची खुर्ची मात्र शाळेच्या फरशीवरसुद्धा डुगडुगते. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, हा भूमितीचा सिद्धांत शेतकऱ्याने पुस्तक न उघडता वापरलेला आहे.

आता मुख्य प्रश्न. तिपाई हलकीही हवी आणि भक्कमही हवी. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेपर्यंत चढून जायचे, तर कॅमेरा, पाणी, भाकरी आणि वर तिपाई हे सारे आपल्याच पाठीवर असते. तिपाई जड झाली की माणूस ती घरी ठेवून निघतो, आणि घरी ठेवलेली तिपाई कितीही भक्कम असली तरी काय उपयोगाची? पण वजन वाचवायचे म्हणून पायाच्या नळ्या काडीसारख्या बारीक घेतल्या, तर ओझे वाहूनही काम साधत नाही.

येथे थोडे पदार्थविज्ञान कामास येते. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास २२ ऐवजी २८ मिलिमीटर घेतला, तर वजन साधारण सव्वापट होते, पण ताठरपणा जवळजवळ दुप्पट होतो. उलट एका टोकाला घट्ट धरलेली नळी दुप्पट लांब घेतली, तर तेवढ्याच जोराने तिचे टोक आठपट वाकते. याचा अर्थ असा, की नळीच्या जाडीत काटकसर करू नये. काटकसर करायची ती उंचीत.

आणि उंची कमी कशी करायची, हे तुमचा कॅमेराच सांगतो. रोलिफ्लेक्स किंवा याशिका मॅटसारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात आपण वरून, मान खाली घालून पाहतो. म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या नव्हे, छातीच्या उंचीवर असला की पुरे. म्हणून डोक्याएवढी उंच तिपाई विकत घेण्याचे कारणच उरत नाही.

दुसरी काटकसर मधल्या दांड्याची. पुष्कळ तिपायांना मध्यभागी वर सरकणारा दांडा असतो. तो वर काढला म्हणजे तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखे होते; सगळी भक्कमी त्या एका दांड्यावर येते. तो नसलेली किंवा काढून ठेवता येणारी तिपाई पाहावी. तिसरी काटकसर सांध्यांची. चार-पाच तुकड्यांचे पाय घडी केल्यावर आखूड होतात खरे. पण शेवटचा तुकडा सर्वांत बारीक, आणि प्रत्येक सांधा ही ढिलाईची जागा. तीन तुकड्यांचे पाय बरे.

चौथी काटकसर माथ्याची, म्हणजे ज्यावर कॅमेरा बसतो त्या भागाची. चौरस चित्र घेणाऱ्याला कॅमेरा आडवा-उभा करावा लागत नाही. मामिया आरबी ६७ चे चित्र चौरस नसते, पण त्याची मागची पेटीच फिरते. अशा कॅमेऱ्यांना साधा, बसका माथा चालतो. मात्र त्याचा स्क्रू आपल्या कॅमेऱ्याला बसतो की नाही, हे दुकानातच पाहावे. हल्ली बहुतेक ठिकाणी पाव इंची स्क्रू असतो. काही जुन्या युरोपीय आणि काही मोठ्या कॅमेऱ्यांना ३/८ इंची लागतो.

कॅमेऱ्याचा स्वभावही पाहावा. याशिका मॅट सव्वा किलोच्या आतला, आणि त्यातला आरसा चित्र घेताना हलत नाही. त्याला माथ्यासकट दीड किलोची तिपाई पुरते. हॅसेलब्लाडला दोन किलोंची धरावी. मामिया आरबी ६७ आणि पेंटॅक्स ६७ हे स्वतःच दोन किलोंच्या वरचे, आणि आतला मोठा आरसा उसळून वर जातो. त्यांच्यासाठी तीन किलोंची तयारी ठेवावी, आणि आरसा आधी वर उचलून ठेवण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी.

आता धातू. ॲल्युमिनियम स्वस्त आणि टिकाऊ. १९९४ साली गित्झो कंपनीने कार्बन तंतूंची तिपाई आणली. हा पदार्थ ॲल्युमिनियमहून बराच हलका आणि ताठ, पण महाग, आणि जोराचा घाव बसला तर तडकणारा. लाकूड कंप छान शोषते. जर्मनीतील बेर्लेबाख कंपनी आजही ॲश लाकडाच्या तिपाया करते. पैसे बेताचे असतील तर जुनी, जाड नळीची ॲल्युमिनियमची तिपाई नव्या चकचकीत पण किरकोळ तिपाईपेक्षा केव्हाही चांगली. डब्यावर छापलेल्या ‘इतके किलो पेलते’ या आकड्यावर विसंबू नये. प्रत्येक कंपनी तो आपल्या पद्धतीने ठरवते, आणि पेलणे वेगळे, स्थिर ठेवणे वेगळे.

मग परीक्षा कशी घ्यावी? शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. तिपाईवर कॅमेरा बसवा, त्यावर लहानसा आरसा चिकटवा, आणि उन्हाचा कवडसा दहा-बारा मीटरवरच्या सावलीतल्या भिंतीवर पाडा. आता तिपाईच्या पायाला बोटाने टिचकी मारा. आरसा जितका कलेल त्याच्या दुप्पट कोनातून किरण वळतो, म्हणून डोळ्यांना न दिसणारा कंप भिंतीवर स्पष्ट नाचताना दिसतो. कवडसा झटकन थांबला, तर तिपाई चांगली. थरथरत राहिला, तर ती परत करावी.

बाकीचे काम हाताचे. एक पाय भिंगाच्या दिशेला ठेवावा. काळ्या भुसभुशीत मातीत प्रत्येक पायाखाली चपटा दगड द्यावा. वारा असेल तर पिशवीत दगड भरून ती मध्यभागी टांगावी. पण ती अधांतरी झुलू देऊ नये, जमिनीला जरा टेकू द्यावी. खटका बोटाने न दाबता केबलने दाबावा. पाण्यात किंवा चिखलात उभी केलेली तिपाई घरी आल्यावर सांधे उघडून धुवावी आणि वाळवावी. आणि हो, केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील वास्तूत तिपाई लावायची असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते, हे विसरू नये.

तात्पर्य, श्रोतेहो, हलकेपणा शोधावा तो उंची, दांडा, सांधे आणि माथा यांत. पायांच्या जाडीत नव्हे. शाळेने अशी एक तिपाई घेतली तर ती शिक्षकांच्या दोन पिढ्यांना पुरेल. गावच्या वीरगळाच्या मात्र इतक्या पिढ्या शिल्लक असतील, असे धरून चालू नये.