बंद पडलेली मोटरसायकल



गावोगाव हिंडताना आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. गोठ्याच्या कडेला नाहीतर पडवीत एक जुनी मोटरसायकल उभी असते. टाकीवर धूळ साचलेली. चाकांत हवा नाही. घरचे म्हणतात, "भंगारवाला आला की देऊन टाकू." कोणी म्हणतो, "मिस्त्री किती खर्च सांगेल, कोणास ठाऊक!" आणि गाडी तशीच राहते.

ही गाडी नवशिक्या माणसाला चालू करता येईल का? बरेचसे काम येईल. पण त्याला क्रम आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे येथे चालत नाही.

उदाहरणाला आपण हीरो होंडाची सीडी 100 घेऊ. ही गाडी 1985 साली बाजारात आली. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागत नाही, अशी ही चार स्ट्रोकची गाडी. त्या जातीची दुसरी गाडी असली, तरी रीत हीच.

पहिले काम कागदांचे. गाडीच्या सांगाड्यावर एक नंबर कोरलेला असतो. तो चिंध्याने पुसा आणि मोठ्याने वाचा. आरसी बुकातला चेसिस नंबर त्याच्याशी जुळतो का, पाहा. दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे गाडी तपासून घेऊन दर 5 वर्षांनी ती वाढवावी लागते. म्हणून आधी आरटीओत चौकशी, मग खर्च.

दुसरे काम ब्रेकचे. तुम्ही म्हणाल, इंजिन आधी का नाही? मंडळी, जी गाडी थांबत नाही, ती सुरू तरी कशाला करायची? इंजिन बंद पडले तर माणूस रस्त्यात उभा राहतो. ब्रेक लागला नाही तर माणूसच जातो.

चाक काढा. आत ब्रेकचे लायनर दिसतील. 2 मिलिमीटरपेक्षा पातळ झाले असतील, किंवा त्यांना तेल लागले असेल, तर नवे घाला. आतली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ते छातीत गेले तर फुप्फुसाचा रोग होतो. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके टाकून द्या. ब्रेकची तार गंजली असेल, तर तीही बदला.

मग टायर वाचा. हो, टायरसुद्धा वाचता येतो! त्याच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 2315 असे असेल, तर तो टायर 2015 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी चांगली दिसली तरी फसू नका. रबराला भेगा असतील, तर तो टायर रस्त्यावर नेण्याचा नव्हे.

आता इंजिन. लगेच किक मारू नका. प्लग काढा. त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा आणि रात्रभर थांबा. सकाळी, प्लग बाहेरच ठेवून, किक हाताने हळू दाबा. फिरली तर उत्तम. अडली तर तिच्यावर उभे राहू नका. ती गाडी मिस्त्रीकडे न्या.

जुने ऑइल खालून सोडून द्या आणि नवे भरा. किती भरले, ते काडीवर कळते. गाडी मोठ्या स्टँडवर सरळ उभी करा. काडी पुसा. तिचे आटे न पिळता नुसती आत टेकवा आणि बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे.

मग पेट्रोल. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका. हे काम उघड्यावर करा. जवळ चूल नको, विडी नको, मुले नकोत. ते पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. कार्बोरेटरची वाटी उघडा. आत चिकट राळ बसलेली असते. पितळी जेटचे भोक केसासारखे बारीक असते. त्यात तार घालू नका, भोक मोठे होते. धुऊन पंपाने हवा मारा.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. हे इथेनॉल आपल्या उसापासून आणि धान्यापासून होते. ते पाणी ओढून घेते, आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलची जुनी नळी बदला. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर टाकीत पेट्रोल साठवू नका.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जवळ एक वही ठेवा. एका वेळी एकच काम करा, आणि काय केले, काय झाले, ते लिहा.

आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. त्यांची गाडी सुरू झाली, पण थोडे चालून बंद पडे. शेजारी म्हणाले, नवा कार्बोरेटर घाला. ताईंनी वही आणली. तीत लिहिले होते : "10 मिनिटांनी बंद. टाकीचे झाकण उघडले. पुन्हा सुरू." दुसऱ्या दिवशीही तेच. आम्ही मिळून विचार केला. टाकीच्या झाकणाला बारीक भोक असते. पेट्रोल खाली जाते, तशी त्यातून हवा आत येते. ते भोक मातीने बुजले होते. हवा नाही, म्हणून पेट्रोल उतरत नव्हते. भोक साफ केले, आणि काम झाले. एक पैसा लागला नाही. ताई आता दुधाचे कॅन त्याच गाडीवरून नेतात.

ज्यांनी वर्षापूर्वी पाटीवर पहिले अक्षर काढले, त्यांच्या चार ओळींनी हे काम केले.

गाडी चालू झाली, की आधी मोकळ्या मैदानात हळू चालवा. दहा वेळा थांबवून पाहा. चेन सैल आहे का, नट ढिले झाले का, पाहा. विमा, धुराचा दाखला आणि लायसन्स असल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. डोक्यावर हेल्मेट घाला. आणि घरी आल्यावर वहीत आजची तारीख लिहा.