कुंभारीचे पाणी



वसंत ऋतूत पाण्यावर व्याख्यान ठेवणे ही चालकांची रसिकता म्हणावी की थट्टा, हे मला सांगता येणार नाही. आपल्या सोलापुरात चैत्र-वैशाखात दुसरा विषय माणसांच्या तोंडी नसतोच. तेव्हा मी शहराचे पाणी थोडे बाजूला ठेवून शेजारच्या गावाचे घेतो. अक्कलकोटच्या रस्त्याने निघाले की शहर संपता संपता कुंभारी लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव. नावात कुंभार आहे खरा. पण घडा घडवणे निराळे आणि तो भरणे निराळे.

आपल्याकडच्या खेड्याने पिढ्यान्‌पिढ्या घडा भरला तो विहिरीवर. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक निवून तो झाला. अखंड कातळात पाणी राहत नाही. ते राहते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या भुसभुशीत थरात. म्हणून एका शेतात झरा लागतो आणि बांधापलीकडे चाळीस हात खणूनही कोरडे. बोअरवेल आल्या, तरी खडक बदलला नाही. आपण फक्त त्याच पिशवीत खोलवर हात घालू लागलो.

आता थोडा हिशेब करू. कंटाळू नका, आकडे सोपे आहेत. आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एक चौरस किलोमीटर रानावर वर्षभरात 55 कोटी लिटर पाणी पडते. ऐकायला केवढे मोठे! पण त्यातले बरेचसे उन्हाने उडते, पिके पितात, काही ओढ्याने वाहून जाते. खडकात मुरलेले दहावा हिस्सा धरले तर आपण उदारच झालो. राहिले साडेपाच कोटी लिटर. शेदोनशे उंबऱ्यांच्या गावाला, त्याच्या गुरावासरांना आणि चार मळ्यांना अशा काही चौरस किलोमीटरांचे पाणी पुरत असे. दुष्काळात पुरत नसे, हेही खरे.

परंतु कुंभारी आता तेवढी राहिलेली नाही. विडी वळणाऱ्या भगिनींसाठी तेथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. 2006 साली तिच्या घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. त्यानंतर रे नगर. यंत्रमागावर काम करणारे, विडीकामगार, कचरा वेचणारे अशा असंघटित श्रमिकांसाठी तीस हजार घरांची ही योजना. त्यांपैकी पंधरा हजार घरे जानेवारी 2024 मध्ये त्यांच्या हाती आली. ज्यांनी उभे आयुष्य शहरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत काढले त्यांना स्वतःचे घर मिळाले. ही गोष्ट लहान नव्हे, आणि मी तिला नावे ठेवायला आलेलो नाही. पण घराला छप्पर लागते तसा नळ लागतो.

दोन्ही मिळून चाळीस हजार घरे. सगळी भरली आणि घरटी पाच माणसे धरली तर दोन लाख लोक. सरकारच्या जलजीवन मिशनने 2019 साली खेड्यातल्या माणसाला रोज 55 लिटरचे माप ठरवले. त्या मापाने रोज 1 कोटी 10 लाख लिटर पाणी हवे. मघाचा आकडा आठवा. एक चौरस किलोमीटर रानात वर्षभर मुरलेले पाणी या वस्तीला पाच दिवस पुरेल! वीस चौरस किलोमीटर शिवारातले सगळे पाणी, शेतकऱ्याला थेंबही न देता, उपसले तर शंभर दिवस. वर्षाचे उरलेले नऊ महिने काय करायचे? टँकरने म्हणाल, तर दहा हजार लिटरचे अकराशे टँकर रोज. म्हणजे पाणी बाहेरूनच यावे लागते, आणि आपल्या बाजूला बाहेरून म्हणजे भीमेवरून.

शहराने हा रस्ता आधीच धरला होता. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तलाव खोदविला अशी परंपरा आहे. इंग्रजी अमदानीत आदिला नदीवर एकरुखचा तलाव 1871 साली पुरा झाला. तोच आपला हिप्परगा. गिरण्या आल्या, माणसे आली, हिप्परगाही अपुरा पडला. मग टाकळीला भीमेवर जावे लागले, आणि 1980 मध्ये उजनी धरण झाल्यावर सगळ्यांचे डोळे तिकडे लागले.

उजनीत येणारे पाणी मात्र आपल्या पावसाचे नव्हे. ते भीमाशंकरच्या डोंगरावर पडते. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड घेऊन येतात. आपल्या अंगणात टिपूस नसतो आणि पुण्याकडच्या पावसाने धरण भरते, हा अनुभव तुम्हाला नवा नाही. त्याच वाटेने पुण्याचे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही येते, हेही तुम्हाला नवे नाही. वरच्या घरी धुतलेले खालच्या घरी पिण्याला! पंढरपूरला चंद्रभागेत स्नान करणाऱ्यांनीही याचा विचार करावा.

धरणात सुमारे 117 टीएमसी पाणी मावते. त्यातले 63 टीएमसी मृतसाठा. शब्द मोठा विचित्र आहे. 2024 च्या उन्हाळ्यात धरण त्याच्याही खोल उतरले, दुबार पंपिंग करावे लागले, आणि जगवले ते या 'मृत' पाण्यानेच.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. वर्षानुवर्षे उजनीतून पाणी नदीत सोडायचे. ते पंढरपुरावरून दोनशे किलोमीटरहून अधिक वाहत औजच्या बंधाऱ्यात यायचे. तेथून टाकळीला उपसून शहराला द्यायचे. वाटेत वाळू पिते, ऊन पिते, दोन्ही काठांवरच्या मोटारी पितात. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेनऊ लाख होती. माणशी 135 लिटर धरा. वर्षाला दोन टीएमसीसुद्धा लागत नाही. एवढ्यासाठी त्याच्या कितीतरी पट पाणी एकेका उन्हाळ्यात नदीत सोडले गेले. धरणापासून थेट जलवाहिनी होती, तिच्या जोडीला रोज 17 कोटी लिटरची समांतर वाहिनी टाकली गेली, हे उशिरा का होईना योग्य झाले. नदीला पाणी जरूर सोडा, पण ते नदीसाठी आणि शेतीसाठी म्हणून सोडा. आमच्या घागरीच्या नावावर खर्च टाकू नका.

आणि हे वाचलेले पाणी मोजताना कुंभारीचे नाव यादीत असावे. शहरातल्या माणसाला 135 लिटरचे माप, शिवेपलीकडे राहायला गेलेल्या त्याच माणसाला 55. तीच विडी वळणारी बाई, तीच तिची मुले; पत्ता बदलला म्हणून तहान कमी झाली काय? दोन लाख माणसांना शहराच्या मापाने द्यायचे तर रोज 1 कोटी 60 लाख लिटर जादा लागतील. समांतर वाहिनीच्या दहाव्या हिश्श्याहूनही हे कमी आहे. कुंभारीला गाव म्हणायचे की नगर, हा वाद कचेरीत चालत राहील. तोवर पाण्याच्या हिशेबात तिला नगर धरावे, एवढीच माझी मागणी आहे.