लंडनला जाऊन मार्लवाई पाहिली

(मंडळाच्या गणेशोत्सवातील ‘युवा विचार’ कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही दोघी चुलत बहिणी. दोघीही हैदराबादला एम.ए. करतो, एक इतिहासात आणि एक समाजशास्त्रात. यंदा जून-जुलैमध्ये लंडनमधल्या एका विद्यापीठाच्या तीन आठवड्यांच्या उन्हाळी वर्गाला जाऊन आलो. मंडळाने सांगितले, “तिकडचे अनुभव सांगा, मुलांना उपयोग होईल.” म्हणून उपयोगाचे आधी सांगतो आणि मनातले नंतर.

अशा वर्गांचे अर्ज साधारणपणे हिवाळ्यातच सुरू होतात, म्हणून पासपोर्ट आधीच काढून ठेवावा. फीमध्ये सवलत असते, पण ती आपण होऊन मागावी लागते. आमच्यापैकी एकीने मागितली आणि तिची थोडी फी माफ झाली. दुसरीने लाजून मागितलीच नाही, तिला पूर्ण भरावी लागली. सहा महिन्यांच्या आतल्या अभ्यासक्रमाला ब्रिटनमध्ये साधा व्हिजिटर व्हिसा चालतो, मात्र त्यावर नोकरी करता येत नाही. बोटांचे ठसे द्यायला हैदराबादला जावे लागते आणि बँकेचे कागद नीट लागतात. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपल्याकडचा पेरणीचा मोसम. रात्री नऊ वाजले तरी उजेड असतो, त्यामुळे पहिले चार दिवस जेवणाची वेळच कळत नव्हती. घरून नेलेले ज्वारीचे पीठ आणि ठेचा यांवर आमचे निभावले.

वर्ग सकाळी असे. शिक्षक बोलत थोडे आणि विचारत जास्त. आदल्या दिवशी वाचायला दिलेले वाचले नसेल तर दुसऱ्या दिवशी गप्प बसावे लागे. आपल्याकडे गप्प बसणारा विद्यार्थी शहाणा समजला जातो, तिथे त्याने तयारी केली नाही असे समजतात. हे अंगवळणी पडायला आम्हाला आठवडा लागला.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला एक काम दिले. आपल्या गावाविषयी लंडनमध्ये काय जपून ठेवले आहे ते शोधायचे आणि त्यावर वर्गात वीस मिनिटे बोलायचे. कैरोच्या मुलीला काळजी नव्हती, ब्रिटिश म्युझियम दोन गल्ल्यांवर होते. आम्हाला मात्र हसू आले. आदिलाबादचे लंडनमध्ये काय असणार?

पण होते. रसेल स्क्वेअरजवळ सोआस नावाची संस्था आहे, आशिया आणि आफ्रिकेच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध. तिच्या संग्रहात क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचे फोटो, चित्रफिती आणि कागद आहेत. हे नाव इथल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेले असेल. 1909 मध्ये व्हिएन्नात जन्मलेले हे मानववंशशास्त्रज्ञ. 1939 मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ते भारतात होते आणि हातात जर्मन पासपोर्ट होता, म्हणून ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहण्याची मुभा मिळाली. त्या सक्तीच्या मुक्कामात ते आपल्या डोंगरांत आले, पत्नी बेट्टी यांच्यासह मार्लवाईला झोपडी बांधून राहिले आणि गोंडी शिकले. पुढे त्यांनी सोआसमध्ये अनेक वर्षे प्राध्यापकी केली.

तिथल्या वाचनकक्षात पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल. आम्ही फोटो पाहत बसलो. डोक्यावर मोरपिसांचे मोठे मुकुट घातलेले गुसाडी नाचणारे, दंडारीचा ढोल, कुडाची घरे, बैलगाड्या. ऐंशी वर्षांपूर्वीचे आपले उटनूर आणि जैनूरकडचे डोंगर लंडनच्या टेबलावर. शेजारी त्यांचे 1948 चे गोंडांवरचे पुस्तक ठेवले होते. त्यात आपली मराठीही भेटली. 1943 मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी केंद्र सुरू झाले, तेव्हा गोंडी मुलांची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत काढली होती. या भागात मराठीचा वावर होता, म्हणून ती लिपी जवळची. किकरी वाजवून गोंडांच्या कुळकथा गाणाऱ्या परधानांची तर घरची भाषाच मराठी. आम्हाला केवढा अभिमान वाटला! वर्गात काय बोलायचे ते ठरले: ‘आमची मराठी आणि गोंडांची शाळा’.

मग त्यांचे 1982 चे पुस्तक हातात घेतले. त्यात ते आदिलाबादला पुन्हा आल्यानंतरचे लिहितात. ज्या गावांत गोंड कसत होते तिथे बाहेरून आलेले लोक कसे वसले, कर्ज कसे दिले, आणि जमिनी कशा हातांतरित झाल्या हे त्यांनी गावागावांतून नोंदवले आहे. त्या बाहेरून आलेल्यांत तेलुगू बोलणारे होते, लमाण होते आणि मराठी शेतकरीही होते. म्हणजे आपण.

आम्ही पुस्तक मिटून बाहेर आलो. जवळच्या टॅविस्टॉक स्क्वेअरच्या बागेत गांधीजींचा पुतळा आहे, तिथे बसून घरी फोन लावला. इथे एक सांगितले पाहिजे. आमच्या तिकिटाचे पैसे आजोबांनी दिले होते आणि ते डोंगराकडच्या शेतातल्या कापसाचे होते. आम्ही आजोबांना विचारले, “आबा, डोंगराकडचं शेत आपल्याकडं कसं आलं?”

बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, “काहून विचारता?” आम्ही काय वाचले ते सांगितले. तेव्हा ते म्हणाले, “माह्या बापानं ज्वारी दिली व्हती उसनी, दोन दुष्काळी सालं. ती फिटली नाई. शेत आलं. पोरी, कागद बरोबर हाय. पण कागद लिहिणारा बी आपलाच व्हता.”

अनुसूचित भागातली आदिवासींची जमीन इतरांच्या नावे करायला कायद्याने बंदी आहे. 1959 चा नियम आणि 1970 ची त्याची कडक दुरुस्ती इथल्या बहुतेकांना माहीत असेल. आमचे शेत त्याच्या आधीचे आहे, त्यामुळे कायदा आम्हाला काही म्हणत नाही. पण वर्गात ‘आमची मराठी’ म्हणून मिरवायचे आणि हे लपवायचे, हे काही जमेना. एकमेकींशी भांडलोही. एक म्हणाली, परक्या देशात आपल्या घराची झाकली मूठ का उघडायची? दुसरी म्हणाली, मग परक्याने लिहिलेले कौतुक तरी का वाचून दाखवायचे? शेवटी दोन्ही सांगितले. देवनागरी पुस्तकांचेही आणि उसन्या ज्वारीचेही. वर्गात कोणी हसले नाही की नावे ठेवली नाहीत. केनियाहून आलेला एक मुलगा एवढेच म्हणाला, “त्या घरातले लोक आता कुठे आहेत?” त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

परत आल्यावर श्रावणात आबांना घेऊन मार्लवाईला गेलो. वाटेत आबांनी त्या घराचे नाव सांगितले. इतकी वर्षे त्यांना ते पाठ होते. मार्लवाईत बेट्टीबाई आणि हायमेनडॉर्फ यांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. त्या 1987 मध्ये गेल्या, ते 1995 मध्ये. पुढे त्यांच्या अस्थी लंडनहून आणून इथेच ठेवल्या. दर जानेवारीत गावकरी तिथे जमून त्यांची आठवण करतात. बाहेरून आलेला माणूस इथल्या लोकांचा कसा होतो, हे आम्हाला तिथे कळले.

तिथून त्या घरी गेलो. घरातले आजोबा आबांच्याच वयाचे. राम राम झाला. दोघे गोंडीत बोलायला लागले. आबांना इतकी चांगली गोंडी येते हे आम्हाला त्या दिवशी कळले! शेताचा विषय कोणी काढला नाही. चहा झाला. उठताना आबांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. त्या घरातला नातू पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने आम्हाला विचारले, “ताई, तिकडं जायला काय लागतं?” आम्ही मघाशी तुम्हाला सांगितले तेच त्यालाही सांगितले. त्याचा अर्ज आम्ही बसून भरून देणार आहोत, आणि फीची सवलत यंदा न लाजता मागणार आहोत.

त्या एका शेताचा हिशेब असा मिटत नाही, हे आम्हाला समजते. आबा आणि आमचे वडील त्यावर अजून बोलत आहेत; ती घरातली गोष्ट घरातच ठरेल. इथे कोणाला दोष देण्यासाठी आम्ही उभ्या नाही. इथल्या अनेक घरांत आमच्यासारखीच गोष्ट असेल, आणि एखाद्या घरात अजिबात नसेलही. मंडळापुढे आमच्या फक्त दोन विनंत्या आहेत.

पहिली, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे रेकॉर्ड करून ठेवा. कुठून आलो, कसे वसलो, कोणाचे शेजारी होतो, सगळे. आपली गोष्ट लंडनच्या पुस्तकात वाचण्याआधी आपल्याच ओसरीवर ऐकता आली पाहिजे.

दुसरी, मंडळ दरवर्षी मुलांना जी शैक्षणिक मदत देते तिच्या अर्जावर ‘मराठी कुटुंबातील’ असे लिहिलेले आहे. पुढच्या वर्षी तिथे ‘आपल्या जिल्ह्यातील’ असे लिहिता येईल का, याचा विचार व्हावा. पहिला अर्ज कोणाचा येईल, हे आम्हाला आत्ताच माहीत आहे.

चुकले असेल तर लेकी म्हणून पदरात घ्या. गणपती बाप्पा मोरया!