प्लगच्या भोकातून दिसणारे इंजिन



या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषय होऊन गेले आहेत; मोटारीच्या इंजिनाचे भोक बहुधा प्रथमच येत असावे. संयोजकांनी मला 'कामगार चळवळीपुढील आव्हाने' असा विषय सुचविला होता. परंतु 'आव्हाने' हा शब्द उच्चारला की निम्मे सभागृह चहाला उठते, हा माझा जुना अनुभव आहे. म्हणून आज एका हत्याराविषयी बोलावे असे ठरविले. चळवळ त्यात आपोआप येईल.

त्या हत्याराचे नाव बोअरस्कोप. पेन्सिलीपेक्षाही बारीक, लवचिक अशी एक दोरी. तिच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढा कॅमेरा आणि त्याच्याभोवती चिमुकले दिवे. दुसरे टोक पडद्याला किंवा सरळ मोबाईलला जोडायचे. साधा बोअरस्कोप आज हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. गॅरेजात सिलिंडरला आम्ही 'बोअर' म्हणतो, आणि तो बोअर पाहावयाचा म्हणजे पूर्वी हेड उतरविण्यावाचून गत्यंतर नसे. एका दिवसाचे काम, नवी गॅस्केट, आणि गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा. आता इंजिन न उघडता आत नजर टाकता येते.

ही कल्पना मूळची डॉक्टरांची. १८०६ साली फिलिप बोझिनी नावाच्या जर्मन वैद्याने मेणबत्तीचा उजेड नळीतून माणसाच्या शरीरात सोडून आत पाहण्याची खटपट केली. पुढे १९५४ साली हॅरल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातील मोग्याचे नरिंदरसिंग कापानी यांनी काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून आख्खे चित्र वाकवून नेता येते, हे दाखवून दिले. आजच्या स्वस्त बोअरस्कोपमध्ये ते तंतूही उरले नाहीत. कॅमेराच आत जातो आणि तारेतून चित्र बाहेर येते. पण डॉक्टर आणि मिस्त्री यांची ही भावकी ध्यानात ठेवा. डॉक्टर आत पाहतो त्याची फी लागते. मिस्त्री पाहतो त्याचे काय लागते, ते पुढे सांगतो.

आत पाहावयाचे तर दार हवे, आणि पेट्रोल इंजिनाला असे दार म्हणजे प्लगचे भोक. बहुतेक प्लगांचा आटा १४ मिलिमीटरचा, अलीकडे पुष्कळ गाड्यांत १२ चा. साडेपाच मिलिमीटरचा कॅमेरा त्यातून सुखाने जातो. जुन्या प्रीमियर पद्मिनीचे बॉनेट उघडले की प्लग हाताशी असत आणि टॅक्सीवाला ते स्वतः काढून, घासून, परत बसवी. ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आज प्लग खोल विहिरीत, वर इग्निशन कॉइल बसलेली, आणि इरिडियमचा प्लग असेल तर तो लाखभर किलोमीटर बदलावाच लागत नाही. सीएनजीवर त्याआधी लागतो, एवढेच. तेव्हा हे दार गाडीच्या आयुष्यात मोजक्या वेळा उघडते. ते उघडले असता आत न पाहता बंद करणे मला नाडी न बघता पाटा बांधण्यासारखे वाटते.

पाहण्याची रीत आहे. इंजिन थंड हवे; अल्युमिनियमच्या हेडातून गरम प्लग काढायला गेलात तर आटे त्याच्याबरोबर बाहेर येतील. प्लग सोडविण्यापूर्वी विहिरीतील धूळ हवा मारून उडवावी, नाहीतर ती आत पडेल. काढलेले प्लग एक, दोन, तीन, चार अशा क्रमाने ओळीत मांडावे, कारण प्लग म्हणजे त्या बोअरची जीभ आहे. फिकट तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते. ओले, तेलकट काळे असेल तर इंजिन ऑइल खाते. मग कॅमेरा. चार सिलिंडरांच्या नेहमीच्या इंजिनात एक आणि चार हे पिस्टन वर असतात तेव्हा दोन आणि तीन खाली असतात. खाली असलेल्या दोन बोअरच्या भिंती पाहाव्या, कॅमेरा बाहेर काढावा, क्रँकला गोटी पाना लावून अर्धा फेरा द्यावा आणि उरलेले दोन पाहावे. कॅमेरा आत असताना इंजिन कदापि फिरवू नये. आणखी एक: आडवे पाहण्यासाठी टोकाला बारीक आरसा अडकवितात. तो नुसता दाबून बसविलेला असतो. आत निसटून पडला तर फुकटच्या तपासणीपायी इंजिन उघडण्याची पाळी येईल.

आत काय दिसते? निरोगी बोअरच्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. ती कारखान्यात होनिंग करताना मुद्दाम पाडलेली असते. तिच्यात ऑइल धरून राहते. लाखभर किलोमीटरनंतरही ती दिसली तर गाडीच्या मालकाने पेढे वाटावे. जाळी जाऊन भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली असेल तर ऑइल तेथे टिकत नाही. आणि उभ्या रेघा दिसल्या, म्हणजे आमच्या भाषेत 'लाइनी पडल्या', तर तुटलेली रिंग, आत गेलेली माती किंवा तापून घासलेला पिस्टन यांपैकी कोणाचा तरी तो पराक्रम. पिस्टनच्या माथ्यावर थोडा कार्बन असायचाच. परंतु चारांपैकी एकच माथा धुतल्यासारखा लख्ख असेल तर तेथे हेड गॅस्केटमधून पाणी शिरत असल्याचा संशय घ्यावा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा रंग चहूबाजूंनी सारखा हवा. एकाच बाजूला कड करपलेली दिसली तर तो व्हॉल्व्ह जळू लागला.

हे सर्व ऐकून वाटेल की यंत्राला दृष्टी आली, आता फसवणूक संपली. मंडळी, माझे भांडण येथेच सुरू होते. हा कॅमेरा जवळून पाहतो आणि त्याचा उजेड तिरपा पडतो. केसाएवढी रेघ पडद्यावर नांगराच्या तासासारखी दिसते. बोट लावून तिची खोली पाहता येत नाही. ती दिसली म्हणजे बोअर गेला, असे होत नाही. कॉम्प्रेशन मोजावे, हवा भरून ती कोठून गळते ते ऐकावे, ऑइल किती लागते ते विचारावे, मगच इंजिन उतरविण्याची भाषा करावी. विमानांच्या पिस्टन इंजिनांबाबत कॉन्टिनेन्टल या अमेरिकन कंपनीने २००३ साली जी सूचना काढली, तिच्यात हवेच्या दाबाची चाचणी आणि बोअरस्कोप यांची सांगड घातली आहे. जेथे इंजिन बंद पडले तर माणूस आकाशातून खाली येतो, तेथेही एकट्या आकड्यावर किंवा एकट्या चित्रावर विसंबत नाहीत. आपल्याकडे मात्र एक भडक फोटो गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पाठवायचा आणि पन्नास हजारांचे काम काढायचे, हा व्यापार काही ठिकाणी सुरू झाला आहे. जेथे मिस्त्रीचा इन्सेंटिव्ह विकलेल्या सुट्या भागांवर ठरतो, तेथे त्याचा डोळा लाइनी शोधूनच काढणार. दोष डोळ्याचा नाही, पगाराच्या हिशेबाचा आहे.

उलट बाजूही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या सर्व्हिस स्टेशनातील एका तरुण मिस्त्रीचे प्रकरण आमच्या युनियनकडे आले. त्याने गाडीचे चार प्लग बदलले होते. आठ दिवसांनी गाडी धूर मारीत परत आली. तपासात तिसऱ्या बोअरला लाइनी निघाल्या. व्यवस्थापनाने ठरविले, की प्लग काढताना यानेच माती आत पाडली. खर्च याच्या पगारातून कापा. पोराचे सुदैव असे की त्याला स्वतःच्या पैशाने घेतलेल्या बोअरस्कोपचा नाद होता. प्लग काढल्यावर, गाडी पुन्हा चालू करण्यापूर्वी, चारही बोअरचे फोटो त्याने घेऊन ठेवले होते. दिवस आणि वेळ मोबाईलने आपण होऊन नोंदविलेली. तिसऱ्या बोअरमध्ये त्याच लाइनी, त्याच जागी. आम्ही ते फोटो टेबलावर ठेवले. जाब देण्याची संधी दिल्यावाचून नुकसानीची रक्कम पगारातून कापता येत नाही, ही तरतूद १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ठेवली आहे. पण नुसत्या संधीने काय होते? जाब देण्यासाठी हातात काही असावे लागते. कपात रद्द झाली. त्याला शाबासकी मात्र मिळाली नाही; 'कामाच्या वेळात फोटो काढत बसू नकोस' अशी तंबी मिळाली.

या तंबीतच सगळी मेख आहे. प्लग बदलण्याला जॉबकार्डावर ठरीव मिनिटे असतात. पाहण्याला एकही मिनिट नसते. आज जो मिस्त्री आत पाहतो तो स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीतून पाहतो. आमची मागणी साधी आहे. प्लग निघाले की बोअर पाहण्यासाठी अर्धा तास जॉबकार्डावर वेगळा लिहावा आणि त्याची मजुरी बिलात वेगळी दिसावी, म्हणजे पाहणाऱ्याला काही सापडलेच पाहिजे अशी सक्ती राहणार नाही. फोटोवर सिलिंडरचा नंबर, तारीख आणि किलोमीटर असावे. एक प्रत गिऱ्हाइकाला द्यावी, एक मिस्त्रीजवळ राहावी. गिऱ्हाइकाने ती प्रत जपून ठेवावी. पुढच्या वेळी प्लग निघतील तेव्हा तीच रेघ वाढली की होती तेवढीच आहे, हे ताडून पाहता येईल. बोअरस्कोप मालकाने पुरवावा. पाना मिस्त्री आपला आणतो, तेवढे पुरे आहे.