अक्षरांचे चित्र आणि त्याचा वाचक
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



बेंगळुरूच्या कुमारकृपा रस्त्यावर दरवर्षी चित्रकला परिषदेची 'चित्रसंते' भरते. तिथे चित्रे मांडणाऱ्या नवोदितांपैकी कोणी शब्द व अंक यांतून शाईचे चित्र रेखाटू पाहील, तर त्याच्या पाठीशी मराठीची समृद्ध परंपरा आहे. कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षके अशी रेखाटली, की अक्षराच्या वळणातूनच नाटकाचा भाव कळावा. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी कवितेचे शब्द चित्रासारखे मांडले. संगणकावरील 'मंगल' हा देवनागरी टंकही त्यांचाच.

बोरूचे टोक तिरपे कापलेले असते, म्हणून एकाच ओढीत रेषा जाड होते आणि बारीकही. शाईची रेषा पुसता येत नाही. अक्षर आधी मनात पक्के असावे लागते. ही शिस्त पुस्ती गिरवूनच येते.

मात्र अशा चित्राला नुसता प्रेक्षक पुरत नाही, वाचक लागतो. ज्याला ५ आणि ९ ओळखता येत नाहीत, त्याला ती केवळ नक्षी दिसते. कन्नड व इंग्रजीच्या सहवासात वाढणाऱ्या आपल्या मुलांपुढे हाच प्रश्न आहे. घरी मराठी बोलली जाते, पण वाचली जातेच असे नाही. पालकहो, वाणसामानाची यादी आणि दिनदर्शिकेवरील नोंदी मुलांकडून देवनागरीत लिहून घ्या. प्रत्येक घरात चित्रकार घडेलच असे नाही. वाचक मात्र निश्चित घडेल.